टेफ्लॉनचे वर्म

ट्रॉम्ब्याला अणुशक्ती खात्याचा ‘आयसोमेड’ हा प्रकल्प १९७४ साली सुरू झाला. सिरिंजा, शस्त्रक्रियेचे हातमोजे, टाके घालायचे धागे, मलमपट्टीचे सामान असा दवाखान्यांना लागणारा माल निर्जंतुक करणे हे त्याचे काम. पुठ्ठ्याची पेटी उघडावी लागत नाही. बंद पेट्या कोबाल्ट-६० च्या भोवती फिरवून आणतात, गॅमा किरण पुठ्ठा, पिशवी, प्लास्टिक सगळे भेदून आत जातात, जंतू मरतात आणि माल पलीकडच्या दाराने बाहेर येतो. अशा निर्जंतुकीकरणाची जगभर रूढ झालेली मात्रा २५ किलोग्रे आहे. म्हणजे दर किलो मालामागे २५ हजार ज्यूल ऊर्जा. ऐकायला आकडा मोठा, पण तेवढ्या उष्णतेने लिटरभर पाणी सहा अंशांनीही तापत नाही.

दवाखान्यातल्या बहुतेक प्लास्टिकला ही मात्रा चालते. एका प्लास्टिकला मात्र अजिबात चालत नाही, आणि ते नेमके आपण ज्याला अभेद्य समजतो ते, टेफ्लॉन. उकळते सल्फ्युरिक आम्ल, नायट्रिक आम्ल, सोने विरघळवणारे आम्लराज, यांपैकी कशानेही टेफ्लॉनचा टवकाही उडत नाही. २६० अंश सेल्सिअसला ते वर्षानुवर्षे काम करते. पण हवेत काही किलोग्रे किरण लागले की त्याची ताकद झपाट्याने ओसरू लागते आणि मात्रा वाढत गेली की जिवट, लवचीक पट्टी वाकवताना तडकते. हृदयरोग्यांच्या शरीरात बसवायच्या टेफ्लॉनच्या कृत्रिम रक्तवाहिन्या म्हणूनच गॅमा किरणांकडे पाठवत नाहीत. इथिलीन ऑक्साइड वायूने किंवा वाफेने निर्जंतुक करतात. उलट ज्याचे थर्माकोल होते ते सामान्य पॉलिस्टायरिन हजारो किलोग्रे बिनतक्रार सोसते. आचेने हरणारा थर्माकोल किरणांपुढे पैलवान, आणि टेफ्लॉन तिथे पहिल्याच डावात चीत.

हे असे का होते, याचे उत्तर शोधताना मला जे सापडले ते निव्वळ पदार्थविज्ञानाचे कुतूहल म्हणून सोडून देण्यासारखे नव्हते. त्या उत्तराचा एक धागा थेट कोकणापर्यंत येतो.

टेफ्लॉनच्या जन्माची गोष्ट बहुतेकांनी वाचलेली असते, म्हणून थोडक्यात. ६ एप्रिल १९३८, अमेरिकेतल्या न्यू जर्सीत डूपाँट कंपनीची प्रयोगशाळा. रॉय प्लंकेट हा २७ वर्षांचा रसायनतज्ज्ञ शीतकपाटांसाठी नवा वायू शोधत होता. टेट्राफ्लोरोइथिलीन वायू भरलेल्या नळकांड्याची तोटी उघडली तर काहीच बाहेर येईना, पण वजन केले तर ते भरलेलेच. प्लंकेट आणि त्याचा सहायक जॅक रेबॉक यांनी नळकांडे करवतीने कापले. आत पांढरी, मेणचट पूड. वायूचे रेणू आपसात जुळून त्यांची लांबच लांब साखळी झाली होती. पुढे अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पात युरेनियम हेक्झाफ्लोराइड हा जहाल वायू हाताळताना सांध्यांत बसवायला दुसरे काही टिकेना, तेव्हा ही पूड कामाला आली. तव्यावर ती आली बरीच नंतर, १९५० च्या दशकात, फ्रान्समध्ये मार्क ग्रेगोआर याच्या हातून.

रचना पाहिली तर कार्बनची सरळ साखळी आणि प्रत्येक कार्बनला दोन फ्लोरीन. कार्बन-फ्लोरीन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४८५ किलोज्यूल लागतात. कार्बन-हायड्रोजनला सुमारे ४१३, कार्बन-कार्बनला ३४७ च्या आसपास. शिवाय फ्लोरीनचे अणू साखळीभोवती इतके दाटीने बसतात की आतल्या कार्बनपर्यंत कोणाचा हात पोचत नाही. साखळ्या इतक्या लांब की ३२७ अंशांना वितळल्यावरही पदार्थ वाहत नाही. म्हणून इतर प्लास्टिकसारखे ते साच्यात ओतता येत नाही. कुंभार करतो तसे करावे लागते: पूड दाबून कच्चा आकार घ्यायचा आणि मग ३६०-३८० अंशांच्या भट्टीत भाजायचा. त्या भाजलेल्या लादीतून लेथवर वॉशर, बुश, सील कातायचे. प्लंबरकडची पांढरी टेप याच घराण्यातली, फक्त ती भाजलेली नसते, म्हणून इतकी मऊ असते.

आता किरणांकडे. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. कार्बन-फ्लोरीन बंध तोडायला लागतात पाच. म्हणजे समोरचा जवळजवळ अडीच लाख पट बलवान आहे. बंध चार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असो की पाचचा, त्याला काही फरक पडत नाही. बंध सगळ्याच प्लास्टिकांत तुटतात. प्रश्न आहे तुटल्यानंतर काय होते याचा.

पॉलिएथिलीनमध्ये, म्हणजे आपल्या बादल्या-पिशव्यांच्या प्लास्टिकमध्ये, किरण लागला की बहुधा हायड्रोजन सुटतो. तो सगळ्यांत चिमुकला अणू, चटकन निघून जातो. मागे साखळीवर एक मोकळा हात उरतो. शेजारच्या साखळीवरही तसाच हात असला की दोन्ही जुळतात आणि साखळ्यांची जाळी तयार होते. माल बिघडण्याऐवजी सुधारतो, उष्णतेने वितळेनासा होतो. विजेच्या तारांचे आवरण असे पक्के करण्यासाठी इलेक्ट्रॉनांचा झोत मारणे हा आता जुना धंदा आहे. पॉल कुक यांनी १९५७ मध्ये काढलेली रेकेम कंपनी त्यावरच उभी राहिली. तारेच्या जोडावर सरकवून गरम केली की आक्रसून घट्ट बसणारी नळी इलेक्ट्रिशियनच्या पेटीत असते, तीही याच विद्येची. नवी मुंबईत खारघरला भाभा केंद्राच्या इलेक्ट्रॉन बीम सेंटरमधल्या त्वरकांचा उपयोग अशाच औद्योगिक कामांच्या अभ्यासासाठी झाला आहे.

टेफ्लॉनमध्ये फ्लोरीन सुटला तरी तो हायड्रोजनसारखा सहज निसटत नाही. साखळ्या काठीसारख्या ताठ आणि घट्ट रचलेल्या, त्यामुळे मोकळ्या हातांना एकमेकांपर्यंत वळता येत नाही. त्यात मुख्य साखळीचा कार्बन-कार्बन बंध हाच सर्वांत कच्चा दुवा. तोच तुटतो आणि साखळीचे तुकडे पडतात. तुटलेल्या टोकांपाशी हवेतला ऑक्सिजन येऊन बसला की ती पुन्हा जुळण्याची उरलीसुरली आशाही जाते. ऑक्सिजन बसलेल्या टोकापाशी आम्लाचा फ्लोराइड बनतो, त्याला हवेतला ओलावा मिळाला की कार्बोक्झिलिक आम्ल. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे ते लागणार आहे: फ्लोरीनने मढलेली साखळी आणि टोकाला आम्ल.

या दुबळेपणाचा एक पुरावा साऱ्या जगाने आकाशात पाहिला. हबल दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये कक्षेत गेली. तिच्या अंगावर उष्णतारोधक गोधड्यांचा बाहेरचा थर टेफ्लॉनच्याच भाऊबंदाचा, एफईपी या पॉलिमरचा होता. फेब्रुवारी १९९७ मध्ये दुरुस्तीसाठी गेलेल्या अंतराळवीरांना त्या थराला जागोजाग चिरा पडलेल्या दिसल्या. सूर्याकडून येणारे क्ष-किरण आणि अतिनील किरण, पृथ्वीभोवतीच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन-प्रोटॉन आणि दर दीड तासाला ऊन-सावलीचा फेरा, यांनी सात वर्षांत त्याचे कागदासारखे तुकडे करायला घेतले होते.

पण वर्म कळले की त्याचा व्यापारही होतो. लादी कातताना लेथखाली टेफ्लॉनचा चुरा साठतो. हा माल महाग, पण चुरा वितळवून पुन्हा वापरता येत नाही आणि दळायला घेतला तर जातेच दमते. तो चिवटपणे लांबतो, तुटत नाही. म्हणून चुरा तबकांत पसरून इलेक्ट्रॉन झोताखालून नेतात. एका फेरीत सगळी मात्रा देता येत नाही. १०० किलोग्रे म्हणजे किलोमागे १०० किलोज्यूल, आणि टेफ्लॉनची उष्णताधारकता पाण्याच्या चौथाईएवढीच, त्यामुळे तेवढ्याने माल जवळजवळ शंभर अंशांनी तापतो. म्हणून थोडे थोडे करत, मध्ये थंड होऊ देत, शेकडो किलोग्रे भरतात. एवढे झाल्यावर चुरा ठिसूळ होतो आणि झोतचक्कीत दळला की काही मायक्रॉनची मऊ पूड मिळते. छपाईच्या शाईत ती घातली की छापील पान घासून खराब होत नाही. वंगणात, रंगांत, इतर प्लास्टिकच्या गिअरमध्येही ती जाते. चकचकीत आवरणाचे मासिक हातात घेताना ते बोटांना गुळगुळीत लागते, त्यात या पुडीचा वाटा असू शकतो. कचऱ्यातून माल काढणारा हा उद्योग मला मनापासून आवडला होता.

मग आम्लाची टोके आठवली. साखळी तुटता तुटता काही तुकडे फार लहान पडतात. आठ कार्बनचा तुकडा, सगळीकडे फ्लोरीन, टोकाला आम्ल: त्याचे नाव परफ्लोरोऑक्टेनॉइक आम्ल, पीएफओए. निसर्गात न विघटणाऱ्या, रक्तात वर्षानुवर्षे राहणाऱ्या ‘चिरंजीव रसायनां’मधले सर्वांत बदनाम नाव. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या वर्गात घातले. टेफ्लॉन बनवताना हे आम्ल साबणासारखे वापरत, हे जुने प्रकरण. अमेरिकेत पार्कर्सबर्गच्या शेतकऱ्याच्या गाई मेल्या, रॉब बिलट या वकिलाने १९९९ मध्ये डूपाँटला कोर्टात खेचले, २०१७ मध्ये ६७ कोटी १० लाख डॉलरची तडजोड झाली. त्यावर चित्रपटही निघाला. पण किरणांच्या खोलीत हे आम्ल कोणी आणून ओतत नव्हते. ते तिथेच, टेफ्लॉन आणि हवा यांच्या संगनमताने जन्माला येत होते. युरोपने जुलै २०२० पासून मालातल्या पीएफओएवर दर अब्ज भागांमागे २५ भाग अशी मर्यादा घातली, तेव्हा किरण मारून केलेल्या या पुडीला सुरुवातीला चाळीसपट सूट, दर दशलक्ष भागांमागे एक भाग, द्यावी लागली. ही सूटच सगळे सांगून जाते.

त्याच झोताने वेगळे फळ कसे मिळते ते जपानने दाखवले. गुन्मा प्रांतात ताकासाकी येथे जपानच्या अणुसंशोधन संस्थेची किरण-रसायनशाळा होती. १९९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत तिथे ओशिमा, ताबाता, सेगुची यांच्या गटाने दोन गोष्टी बदलल्या. हवा काढून टाकली, आणि टेफ्लॉन वितळबिंदूच्या जरा वर, ३३० ते ३४० अंशांच्या अरुंद पट्ट्यात धरून किरण मारले. वितळलेल्या अवस्थेत ताठ साखळ्या सैल होतात, मोकळे हात एकमेकांना सापडतात. साखळ्या तुटण्याऐवजी जुळल्या. पट्टा सोडून तापमान खाली गेले की तुकडे, फार वर गेले की उष्णतेनेच विघटन. या जोडलेल्या टेफ्लॉनची झीज साध्या टेफ्लॉनच्या मानाने शेकडो ते हजार पट कमी भरली, ते जास्त पारदर्शक निघाले आणि पुढे लागणारे किरणही ते कितीतरी अधिक सोसू लागले. किरणांनी मरणारा पदार्थ किरणांनीच तगडा झाला. सगळा फरक खोलीत हवा आहे की नाही आणि साखळ्यांना हलायला जागा आहे की नाही, एवढ्याचा.

भाऊबंदांचे थोडक्यात सांगतो. ईटीएफई आणि पीव्हीडीएफ या दोघांत फ्लोरीनसोबत हायड्रोजनही असतो, त्यामुळे ते किरणांखाली बरेचसे पॉलिएथिलीनसारखे वागतात, जाळी करतात. विमानातल्या तारांचे आवरण याच कारणाने ईटीएफईचे करतात. पीव्हीडीएफच्या घराण्यातल्या एका पॉलिमरवर पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठात चीमिंग झांग यांच्या गटाने इलेक्ट्रॉन मारले, तेव्हा विजेचा दाब दिल्यावर त्याचा आकार चार टक्क्यांपर्यंत बदलू लागला; १९९८ मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि त्यात विवेक भारती हे भारतीय नावही आहे. कृत्रिम स्नायूंची चर्चा तेव्हापासून रंगली.

आता या रसायनाची दुसरी बाजू. तयार प्लास्टिकवर फ्लोरीन चढवायचा असेल तर? फ्लोरीन हा वायू मुळात माणसे खाऊन हाती आलेला. त्याला मोकळा करण्याच्या नादात बेल्जियमचा लुये आणि फ्रान्सचा निक्लेस प्राणाला मुकले, आयर्लंडचे नॉक्स बंधू मरता मरता वाचले. अखेर २६ जून १८८६ रोजी पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ याने तो वेगळा केला. १९०६ चे नोबेल घेतल्यावर दोनच महिन्यांत म्वासाँ वारला. या वायूचा स्वभाव असा की साध्या प्लास्टिकवर तो शुद्ध रूपात सोडला तर प्लास्टिक पेटते. एक हायड्रोजन हटवून तिथे फ्लोरीन बसताना जी ऊर्जा सुटते ती शेजारचा कार्बन-कार्बन बंध तोडायला पुरून उरते. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात रिचर्ड लॅगो आणि जॉन मार्ग्रेव्ह यांनी १९७० च्या दशकात यावर सबुरीचा उपाय रूढ केला: हेलियम किंवा नायट्रोजनमध्ये चिमूटभर फ्लोरीन मिसळून सुरुवात, उष्णता निघून जाईल इतकी सवड, मग हळूहळू प्रमाण वाढवणे. दोघांच्या आडनावांवरून तिला ‘लामार’ पद्धत म्हणतात.

उद्योगांना पूर्ण खोलीपर्यंत बदल नकोच असतो. पृष्ठभागावर मायक्रॉनभर किंवा त्याहून पातळ थर पुरतो. पॉलिएथिलीनच्या टाकीतून पेट्रोल भिंतीवाटे झिरपते. आतून फ्लोरीन फिरवला की झिरपणे एकदम घटते. कीटकनाशकांच्या कॅनचेही तेच, कारण त्यातले द्रावक साध्या प्लास्टिकमधून निसटतात आणि कॅन पोटात घेतल्यासारखा आत खेचला जातो.

२०२० मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात डासांसाठी फवारलेल्या एका कीटकनाशकात एका पर्यावरण संघटनेला चिरंजीव रसायने आढळली. कीटकनाशकाच्या घटकांत ती नव्हती. सरकारी पर्यावरण संस्थेने शोध घेतला तेव्हा माग फ्लोरीन चढवलेल्या कॅनपर्यंत गेला. कारण आता वाचकाला माझ्याआधी सुचले असेल. फ्लोरीन चढवताना ऑक्सिजन दूर ठेवला नाही तर साखळीचे तुकडे पडतात, टोकाला आम्ल येते आणि त्यांतले काही तुकडे आठ कार्बनांचे असतात. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. टोरोंटो विद्यापीठातल्या एमी रँड आणि स्कॉट मॅबरी यांनी अशा प्लास्टिकमध्ये हीच आम्ले असल्याचे २०११ मध्येच छापले होते. नऊ वर्षे तो शोधनिबंध ग्रंथालयात पडून राहिला आणि कॅन बाजारात फिरत राहिले.

पुढे संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये त्या प्रक्रियेवर बंदीचा आदेश काढला, तो मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला. कायद्याचे ते कलम ‘नव्या’ वापरासाठी होते आणि कॅनवर फ्लोरीन चढवणारी कंपनी तर हे काम अनेक दशके करत होती! जुनेपणा हाच बचाव ठरला. ऑक्सिजनविना, नायट्रोजनच्या काटेकोर आवरणाखाली फ्लोरीन चढवता येतो. त्यात ही आम्ले फारच कमी पडतात. म्हणजे इथेही जपानसारखाच धडा, पण तो गिरवायला खर्च येतो.

आणि कोकण? इटलीतल्या वेनेतो प्रांतात त्रिसिनो गावी मितेनी नावाचा कारखाना पीएफओए आणि त्याचे सोबती बनवत असे. २०१३ च्या सुमारास कळले की भूजल मैलोन् मैल दूषित आहे आणि सुमारे साडेतीन लाख लोकांच्या वस्तीला त्याची झळ आहे. २०१८ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने याप्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले. त्याआधीच, २०१९ मध्ये, मितेनीची यंत्रसामग्री मुंबईच्या लक्ष्मी ऑर्गॅनिक समूहाने विकत घेतली होती, आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आणून उभी केली गेली. लोट्याच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या.

यंत्रे परदेशातून जुनी आली म्हणून ती आपोआप विष ओकतात असे मी म्हणणार नाही. फ्लोरीनची रसायने औषधांना, बॅटरीला, चिप बनवणाऱ्यांना लागतात आणि ती कुठेतरी बनणारच. पण या साऱ्या गोष्टीत दर वेळी उपपदार्थानेच घात केला आहे, आणि तो मोजल्याशिवाय दिसत नाही. पीएफओएला स्टॉकहोम कराराच्या यादीत २०१९ मध्ये घातले गेले. भारताच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२० मध्ये त्या करारातली सात रसायने मान्य केली. पीएफओए त्यांत नव्हते. तेव्हा लोट्यात, गुजरातेत दहेजला किंवा आणखी कुठे फ्लोरीन हाताळणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात आणि आसपासच्या विहिरींत ही आम्ले दर तीन महिन्यांनी मोजावीत आणि आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, ही मागणी अवाजवी नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती मान्य करण्याची वाट न पाहता ग्रामसभांनी ठराव करावा.

आणि घरी करण्यासारखी एक गोष्ट: कीटकनाशकाचा रिकामा कॅन धुऊन पिण्याच्या पाण्यासाठी, तेलासाठी वापरू नका. औषधाचा अंश हे पहिले कारण आहेच. दुसरे असे की कॅनला आतून फ्लोरीन चढवला आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही आणि तसे त्यावर लिहिलेलेही नसते.